दप्तरातला मोबाईल: तुमच्या घरी, तुमच्या शाळेत काय घडलं?

दुपारचा_चहा (धागाकर्ती)

मागच्या सोमवारी लेकीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. 'विद्यार्थ्याकडे मोबाईल आढळल्यास तो जप्त करण्यात येईल व वर्षअखेरीस पालकांना परत देण्यात येईल.' खाली पालकांची सही, उद्याच आणून द्यायची. आमच्याकडे प्रिंटर नाही. लेक आठवीत आहे. ती माझा फोन घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली, प्रिंट काढली आणि येताना वीस मिनिटं जिन्यात बसून रील्स बघत राहिली. मोबाईलबंदीचं पत्रक घरात यायलाही मोबाईलच लागला!

आम्ही डोंबिवलीकर. मी आणि नवरा दोघंही लोकलला लटकणारे. लेकीची शाळा साडेपाचला सुटते, तिथून ती परस्पर क्लासला जाते, घरी यायला आठ वाजतात. तेवढ्या वेळात ती कुठे आहे हे मला कळायला हवं. शाळेचं म्हणणं पटतंय आणि तरीही दप्तरात फोन असावा असं वाटतंय, अशी माझी गंमत झाली आहे.

एकच विनंती. असावा की नसावा यावर मतं सगळ्यांकडे असतात, ती बाकी सगळीकडे लिहून झालीत. इथे घडलेलं लिहा. शिक्षक असाल तर फारच उत्तम. शाळेचं नाव मात्र नको.

खडूचा_डबा

हायस्कूलला शिक्षक, सातारा जिल्हा, नोकरीला १९ वर्षं झाली. जप्तीचं खातं माझ्याकडेच असल्याने लिहिणं भाग आहे.

स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात फोन. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, नाव, तुकडी, तारीख. पोरं घाबरून फोन बंद न करताच देतात. मग रोज ऐन प्रार्थनेत कुणाचा तरी गजर लागतो आणि कपाटात भुंगा कोंडल्यासारखा आवाज घुमतो. मुख्याध्यापक डोळे मिटून उभे, आणि ओठ आवळून हसणारी तीनशे पोरं.

लपवायच्या जागांवर मी पुस्तक लिहू शकेन. पायमोजा आणि डब्याच्या पिशवीत भाकरीखाली हे नवशिके. एकाने गाईडची मधली पानं ब्लेडने चौकोनी कापून कप्पा केला होता. त्या गाईडचा वर्षभरात तेवढाच उपयोग झाला.

पण एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एकाचा फोन पहिल्याच तासाला पकडला. पालक आल्याशिवाय परत नाही, हा नियम. संध्याकाळी सहाला वडील आले. छोटा हत्ती चालवतात, भाड्याने माल नेतात. फोन त्यांचाच होता, पोराने सकाळी न सांगता उचललेला. दिवसभर गिऱ्हाइकं त्यांना फोन करत होती आणि तो आमच्या डब्यात वाजत होता. मी काढून दिला तेव्हा स्क्रीनवर ३१ मिस्ड कॉल. त्यांनी एकेक नाव अंगठ्याने वर सरकवत शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "असू द्या सर, चूक आमच्याच पोराची हाय." मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून फोन हातात घेतला की पहिला प्रश्न, 'कुणाचा?' निम्म्याहून जास्त वेळा तो घरातला एकुलता एक निघतो.

सडेतोड

आमच्या वेळी पाटी होती, छडी होती. कुठे अडलं का कुणाचं? मोबाईलचे लाड पालकांनीच...

दुपारचा_चहा

काका, अनुभव.

सडेतोड

बरं, घ्या अनुभव. नातू सहावीत, मुक्काम बार्शी. बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या कडेला काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. "आजोबा, क्यूआर स्कॅन करायचाय, अभ्यास आहे." आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकात हे कोड आणले, २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. सोलापूरकर म्हणून छाती फुगते. तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. देतो. दहा मिनिटांनी खोलीत डोकावलं की धडा गेलेला असतो आणि बंदुका चाललेल्या असतात. मला बघताच बोटाच्या एका फटकाऱ्यात पुन्हा धडा हजर. आता मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. त्यामुळे सहावीचं विज्ञान माझं बऱ्यापैकी झालंय.

रातांबा

जिल्हा परिषद शाळा, राजापूर तालुका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, जूनमध्ये ऑनलाइन सुरू करायच्या ठरल्या. आमच्या वाडीत रेंज कुठली? सड्यावर चढलं की दोन काड्या मिळत. पोरं छत्र्या घेऊन कातळावर बसायची. पाऊस वाढला की तास बंद. एका घरात तीन भावंडं आणि एक फोन. धाकटी मला सांगायची, "बाई, दादाचा संपला की माझा, तवर चार्जिंग उरलं तर."

घरोघर फिरून 'मुलांना फोन घ्या' हे सांगणारे आम्हीच होतो. एका आईने काजूच्या बियांचे आलेले पैसे फोनला घातले. ती स्वतः आजही फोन दोन्ही हातांनी धरते, पडेल म्हणून. शाळा पुन्हा सुरळीत झाल्यावर पालकसभेत मी उभी राहून म्हणाले, "मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका." ती दुसऱ्या रांगेत बसली होती. काही बोलली नाही, पदर सारखा केला आणि खाली बघत राहिली.

आणि गृहपाठ अजून ग्रुपवरच येतो, रात्री साडेआठला. तोही मीच पाठवते.

मिठीकाठ

२६ जुलै २००५, मी सातवीत, कुर्ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला तेव्हा एवढंच कळत होतं की मैदानावर पाणी आहे आणि ते पायऱ्या चढतंय. दुसऱ्या मजल्यावर रात्र काढली. दोन बाक जोडून चौघी झोपलो. बाईंकडे मोबाईल होता, तो लागतच नव्हता. त्या दर दहा मिनिटांनी खिडकीबाहेर हात काढून बघायच्या.

उपयोगाला आली ती हजेरीची वही. मुलाला न्यायला कोण आलं, किती वाजता, नातं काय, हे मुख्याध्यापिकांनी मेणबत्तीच्या उजेडात लिहून सही घेतली, मगच सोडलं. बाबा अंधेरीहून चालत पहाटे पोचले, कमरेपर्यंत भिजलेले. त्यांचीही सही घेतली, बाबा अशी हाक मी मारलेली असतानाही!

माझा मुलगा आता सहावीत आहे. फोन दिलेला नाही. माझा, नवऱ्याचा आणि शेजारच्या काकूंचा, असे तीन नंबर पाठ करून घेतलेत. तुमच्या मुलांना किती नंबर पाठ आहेत? खरंच विचारतेय. मला स्वतःला दोनच आहेत.

दुपारचा_चहा

आत्ता विचारलं. शून्य. माझाही नाही.

साखरेची_आई

नाशिक. मुलगा अकरा वर्षांचा, टाइप वन मधुमेह. दंडावर सेन्सर असतो, चौदा दिवसांनी बदलायचा. साखरेचा आकडा ब्लूटूथने फोनवर येतो आणि तिथून नेटने माझ्या फोनवर. ब्लूटूथ काही भिंती ओलांडून ऑफिसच्या लॉकरपर्यंत पोचत नाही, फोन वर्गातच लागतो.

शाळेचं पहिलं उत्तर ठरलेलं: "एकाला दिली की सगळे मागतील." मी म्हटलं, सगळ्यांनी इन्सुलिन मागितलं तर द्याल का? ते जरा चुकलंच बोलायला. मग डॉक्टरांचं पत्र, अर्ज, दोन मीटिंगा. ठरलं असं की फोन बाईंच्या टेबलावर कापडी पाऊचमध्ये राहील, आवाज चालू, मुलाने हात लावायचा नाही.

ऑगस्टमध्ये पीटीच्या तासाला साखरेचा आकडा घसरून ५८ झाला, म्हणजे फारच कमी. मी बँकेत काउंटरवर होते, फोन ओरडायला लागला. समोरच्या गिऱ्हाइकाला तसंच ठेवून वर्गशिक्षिकेला लावला. त्यांनी उचलल्या उचलल्या सांगितलं, "ग्लुकोज दिलंय, बसलाय माझ्याजवळ." त्यांनी माझ्या आधी ऐकलं होतं. बंदीचं पत्रक काढणाऱ्यांनी खाली अशा मुलांसाठी एक ओळ छापावी, म्हणजे प्रत्येक आईला दोन मीटिंगा कराव्या लागणार नाहीत.

कालव्याकाठी

आइंडहोव्हन. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात फोन बंद झाले, पुढच्या शैक्षणिक वर्षापासून प्राथमिकलाही. बऱ्याच शाळांचं यमक जुळवलेलं वाक्य आहे, 'टाउस ऑफ इन दे क्लाउस', फोन घरी नाहीतर लॉकरमध्ये. पहिल्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी घरात सुतक पाळलं. दुसऱ्या आठवड्यात पत्त्यांचा कॅट मागितला, मधल्या सुट्टीत खेळायला. मी मेंढीकोट शिकवून पाठवला. आता त्याच्या टोळक्यातली चार डच पोरं मेंढीकोट खेळतात आणि 'हुकूम' म्हणतात.

इथे हे जमतं कारण प्रत्येक मुलाला कुलूपबंद लॉकर आहे आणि पोरं सायकलने पंधरा मिनिटांत घरी पोचतात. डोंबिवलीला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही.

नाव_बदलून

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये. मुलगी तेव्हा नववीत होती. स्नेहसंमेलनात कोळीनृत्य होतं. शेवटच्या फेरीत पाय घसरला आणि ती स्टेजवर आपटली. तोंड उघडं, गजरा डोळ्यावर. उठली, नाच पूर्ण केला, टाळ्याही मिळाल्या. घरी येईपर्यंत हसत होती.

रात्री दहाला तिच्या वर्गाच्या ग्रुपवर त्या क्षणाचा स्टिकर फिरत होता. समोरून कुणीतरी काढलेला फोटो, कडा नीट कापलेल्या. फोटो काढायला एक सेकंद लागला असेल, पण कडा कापायला कुणीतरी शांतपणे बसलं होतं. मला अजून सगळ्यात जास्त तेच खुपतं. सोमवारपर्यंत तो दुसऱ्या तुकड्यांत गेला. कुणी उशिरा आलं की तो स्टिकर, कुणाचे मार्क कमी पडले की तो स्टिकर. आठ दिवस ती शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली, आणि खरंच दुखत होतं.

शाळा म्हणाली, ग्रुप मुलांचा खाजगी आहे, प्रकार शाळेच्या वेळेबाहेरचा आहे. फोटो मात्र शाळेच्याच मंडपात काढलेला. ज्याने काढला त्याने माफी मागितली, आपल्या फोनमधून पुसून टाकला. पण स्टिकर ज्याने ज्याने साठवला त्याच्याकडे तो आहेच. परवा तिच्या वाढदिवसाला एका मैत्रिणीने शुभेच्छांबरोबर तोच पाठवला, प्रेमाने, आठवण म्हणून. लेक म्हणाली, "जाऊ दे गं." मी स्वयंपाकघरात गेले.

सडेतोड

वाचलं. काही लिहिता येत नाही.

द्राक्षबाग

आमच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा होतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. बहीण तिथे दिलीय. तिला फोन करायचा तर मी साडेसहाला करतो, नाहीतर जेवण झाल्यावर. पहिल्या भोंग्यानंतर भाची पुस्तक घेऊन बसते आणि दाजी अंगणात येरझाऱ्या घालतात. पोरांपेक्षा मोठ्यांनाच अवघड गेलं, असं ताई म्हणते.

अकरावी_ब

मी सतरा वर्षांचा आहे, गेले दोन दिवस वाचतोय. दहावीला असताना शिकवणीचे सर गणित घालून स्वतः स्टेटस बघायचे. आम्ही फळ्याकडे बघत नव्हतो, सरांच्या अंगठ्याकडे बघत होतो. एवढंच लिहायचं होतं.

खडूचा_डबा

मान्य आहे रे बाबा. मोठा डबा आणावा लागेल.

दुपारचा_चहा

तीन आठवड्यांनी लिहितेय. हा धागा छापून (झेरॉक्सवाल्याकडेच) पालकसभेला नेला. अर्धा तास भांडण, मग तोडगा. वर्षअखेरीस परत देण्याचं कलम गेलं. ज्यांना जायला-यायला फोन हवा त्यांनी अर्ज द्यायचा, साधा बटणांचा फोन, गेटवर वॉचमनकाकांकडे जमा, सुटताना परत. आजारी मुलांची ओळ शेवटी टाकली, नाशिकच्या ताईंचा अनुभव मोठ्याने वाचून दाखवल्यावर कुणी हरकत घेतली नाही. गृहपाठ ग्रुपवर न टाकता वहीत लिहून द्यावा, हे मात्र 'विचाराधीन' आहे.

लेकीला बटणांचा फोन घेतला. 'हा आजीचा फोन आहे' म्हणत ती तो दप्तराच्या तळाशी कोंबते. नंबर पाठ करून घेतले. शनिवारी मॅडम फोन गेटवरच विसरून आल्या. मी घरून लावला. बराच वेळ वाजला, मग वॉचमनकाकांनी उचलला आणि वैतागून म्हणाले, "ताई, हितं सहा फोन वाजतायत, तुमचा कुठला ते सांगा आधी."