केळ्याचं गणित आता पुरे!

निळी_शाई:
परवा इथेच एका महाशयांनी ठोकून दिलं, "सीटी स्कॅनला घाबरणारे अडाणी. केळ्यातही रेडिएशन असतं, खाताच ना?" वर वाहवाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय. रेडिएशनचा डोस सिव्हर्टमध्ये मोजतात, एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट. एका केळ्याचा डोस साधारण 0.1 मायक्रोसिव्हर्ट, छातीच्या सीटीचा सुमारे 7 मिलिसिव्हर्ट. झाली सत्तर हजार केळी. आणि हा हिशेबही लटकाच, कारण केळ्यातलं रेडिएशन पोटॅशियमचं, आणि शरीर पोटॅशियमची पातळी राखून असतं, जादा झालं की लघवीवाटे बाहेर. समोरच्याला गप्प बसवण्यापलीकडे या तुलनेचा उपयोग काय?

क्ष_किरण्या:
ते महाशय मीच. सत्तर हजार म्हटलं की छाती दडपते, पण निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे तुमचा सीटी तीन वर्षं नुसतं जगण्याइतका. 100 मिलिसिव्हर्टच्या खाली कॅन्सरची वाढ आकडेवारीत वेगळी काढणंच मुश्किल. केरळात करुनागपल्लीला लोक पिढ्यानपिढ्या मोनाझाइटच्या, म्हणजे किरणोत्सारी थोरियम असलेल्या वाळूवर राहतात. तिथे सुमारे 70 हजार जणांच्या पाहणीत जादा कॅन्सर दिसला नाही. उलट असली भीतीदायक पोस्ट वाचून माझ्या मावशीने सीटी लांबवला आणि तेवढ्यात गाठ वाढली. ते कुठल्या एककात मोजायचं, सांगा.

निळी_शाई:
मावशींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण "दिसला नाही" म्हणजे "नसतो" नव्हे. 2023 च्या इनवर्क्स पाहणीत फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतले तीन लाखांवर अणुउद्योग कामगार होते. थोडा थोडा डोस वर्षानुवर्षं मिळूनही कॅन्सरचे मृत्यू डोसबरोबर चढत गेले. ते वाळूखाली दडपायचं का?

टॉवरग्रस्त:
आणि मोबाइल टॉवर? त्यावर सगळे मूग गिळून!

क्ष_किरण्या:
आलात? टॉवरच्या लहरी आयनीकरण करत नाहीत, म्हणजे क्ष-किरणांसारखे अणूतून इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. वेगळा धागा काढा.

माजी_टेक्निशियन:
दोघेही आकडे फेकताय, पण मोजतं कोण? मी कॅथलॅबमध्ये होतो, जिथे क्ष-किरणांखाली अँजिओग्राफी करतात. अंगावरचा डोस मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. आमच्याकडे अर्धे बॅज ड्रॉवरमध्ये. रीडिंग चढलं की चौकशी, मग ड्युटी बदलणार, हाताखाली माणूस कमी. त्यापेक्षा ड्रॉवर बरा. अहवालात सगळे ठणठणीत!

इंटरव्हेन्शनवाला:
एका विभागावरून अख्खा पेशा बदनाम करू नका. आमच्याकडे बॅजशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत.

माजी_टेक्निशियन:
डॉक्टरसाहेब, ॲप्रनच्या आतल्या बॅजला डोळ्याचा डोस कसा कळणार? आयसीआरपीने, म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, 2011 मध्ये नेत्रभिंगाची मर्यादा वर्षाला 150 वरून सरासरी 20 मिलिसिव्हर्टवर आणली, ती हौस म्हणून? मोतीबिंदू मागाहून येतो, तोवर अहवाल रद्दीत गेलेला. छताला टांगलेली शिशाची काच तुम्ही खाली ओढता की ती कोपऱ्यात लोंबते?

इंटरव्हेन्शनवाला:
तोंड सांभाळून बोला. काच ओढतो. शिशाचा चष्मा जड होतो म्हणून राहतो कधी कधी. मिळालं समाधान?

माजी_टेक्निशियन:
"कधी कधी"! छान.

क्ष_किरण्या:
धागा केळ्यावर होता म्हणे.

निळी_शाई:
असू दे, हे जास्त कामाचं आहे. आणि गरजेचा सीटी टाळा असं मी कुठे म्हटलं? आधीचा स्कॅन न बघता नवा लिहून देतात, त्यावर राग आहे.

क्ष_किरण्या:
त्यावर माझाही आहे. घ्या, केळं परत घेतलं. सोलून हवं का?

माजी_टेक्निशियन:
डॉक्टरसाहेब, एकच विचारतो. तुमचा कंट्रोल बॅज, कुणीच अंगावर न लावायचा तो, कुठे असतो? त्याचं रीडिंग बाकीच्यांतून वजा होतं, म्हणून तो किरणांपासून लांब हवा.

इंटरव्हेन्शनवाला:
सगळ्या बॅजबरोबर, रॅकवर. भिंतीच्या अलीकडे.

माजी_टेक्निशियन:
अलीकडे म्हणजे मशीनच्या बाजूला की तुमच्या?

इंटरव्हेन्शनवाला:
उद्या बघून सांगतो.