मदत हवी आहे : रंकाळ्यातील जलपर्णीपासून विद्यार्थ्यांचा उद्योग

कोल्हापुरातील आम्ही काही पदव्युत्तर विद्यार्थी रंकाळा तलावातील जलपर्णीचे देठ वाळवून टोपल्या व चटया विणण्याचा लहान उद्योग विद्यापीठाच्या पाठबळाने सुरू करू इच्छितो. आसाममध्ये असे काम चालते. परंतु जलपर्णीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने आपल्याकडील पावसाळ्यात देठांना बुरशी लागण्याची भीती वाटते. सौर वाळवणी यंत्र पुरेल का, की आधी गंधकाची धुरी द्यावी? सांडपाणी मिसळत राहिले तर जलपर्णी पुन्हा फोफावणारच, आणि आमचा उद्योग मात्र तिच्यावरच जगणार, ही विसंगतीही (खरे सांगायचे तर) खटकते. महापालिकेच्या कोणत्या विभागाकडे परवानगी मागावी आणि उरलेला पाला खतासाठी वापरण्यापूर्वी त्यातील जड धातूंची तपासणी कोठे करून मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.