पोर्तुगीज पासपोर्ट घ्यावा की जर्मनीतील कायम वास्तव्याचा परवाना?

प्रश्न (फोंडेकर, सध्या म्युनिक)

मी मूळचा फोंडा तालुक्यातला असून गेले दीड वर्ष पत्नी आणि चार वर्षांच्या मुलासह म्युनिकमध्ये राहतो व युरोपीय ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करतो. माझ्या वडिलांचा जन्म 1956 साली शिरोड्यास झाला, म्हणजे गोवामुक्तीच्या आधी. त्यामुळे लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आधी त्यांचा आणि मग माझा जन्म नोंदवून मला पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेता येईल, असे ब्रिटनमधील स्विंडनला असलेला माझा आतेभाऊ गेली दोन वर्षे सांगत आहे. त्याच्या मते व्हिसा, परवाने आणि त्यांच्या मुदती यांचा जाच त्याने कायमचा संपेल. वडील निवृत्त शिक्षक आहेत. ते नाही म्हणत नाहीत, पण ‘मी या वयात कोणत्या देशाचा होणार?’ एवढे मात्र विचारतात. सावईवेऱ्याला आमचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे आणि म्हातारपणी परत येण्याचा माझा विचार पक्का आहे. अशा स्थितीत कोणता मार्ग धरावा?

प्रतिसाद (बार्देशकर, स्विंडन)

मी 2013 साली पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इथे आलो, तेव्हा माझ्यासमोर दुसरा मार्ग नव्हता. पदवी साधी होती आणि ब्रिटनचा कामाचा व्हिसा मला कोणी दिला नसता. युरोपीय नागरिक म्हणून मात्र विमानातून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी गोदामात कामाला लागलो. आपल्या आतेभावाचा अनुभव असाच असणार. पण ती वाट आता राहिलेली नाही, कारण 31 डिसेंबर 2020 पर्यंत जे इथे राहायला आले त्यांनाच जुन्या हक्काने वास्तव्याचा दर्जा मिळाला, आणि आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन येणाऱ्याला ब्रिटनमध्ये नोकरीसाठी इतरांसारखाच व्हिसा काढावा लागतो. जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्स इथे तो पासपोर्ट अजून पूर्ण उपयोगाचा आहे, परंतु आपण जर्मनीत आधीच आहात.

एक अनुभव सांगतो. आमच्या एजंटाने आईच्या कागदांत आडनाव एका वळणाने आणि माझ्या कागदांत दुसऱ्या वळणाने लिहिले. पोर्तुगीज काळच्या नोंदींत ‘श’साठी एक्स आणि ‘क’साठी सी लिहीत, त्यामुळे एकाच घरातल्या माणसांची आडनावे कागदावर वेगवेगळी दिसतात. ती दुरुस्ती करण्यात आमचे चौदा महिने गेले.

प्रतिसाद (निवृत्त नोंदणी कर्मचारी, पणजी)

आपल्याकडे लोक या पासपोर्टाला व्हिसाच समजतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. व्हिसा संपतो, परवाना परत करता येतो. राष्ट्रीयत्वाचे तसे नाही. भारताच्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 असे आहे की, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते, आणि ते कधी व कसे स्वीकारले गेले याचा वाद उद्भवला तर निर्णय केंद्र सरकारचा असतो. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेली माणसे 1962 च्या आदेशाने भारतीय नागरिक झाली. तीच माणसे आमची आहेत असे पोर्तुगाल आजही मानतो. या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आपला गोवेकर उभा आहे.

म्हणून प्रश्न आपला एकट्याचा नाही. आपला जन्म लिस्बनला रुजू होण्याआधी वडिलांचा व्हावा लागतो. नुसती जन्मनोंदणी आणि तिच्या आधारे ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेणे या दोहोंत फरक आहे, असे बरेच वकील मानतात, पण त्या फरकावर वडिलांचे मतदान आणि त्यांचा पासपोर्ट विसंबून ठेवावा का, हे लेखी सल्ल्याशिवाय ठरवू नये. एजंटाचे ‘काही होत नाही हो’ म्हणजे सल्ला नव्हे.

मागाहून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे आजीव वास्तव्याचे कार्ड, घेता येते. एप्रिल 2024 पासून गोव्यातील ज्यांचा भारतीय पासपोर्ट रद्द केला गेला आहे त्यांना समर्पण प्रमाणपत्राऐवजी (म्हणजे भारतीय पासपोर्ट स्वतःहून परत केल्याच्या दाखल्याऐवजी) रद्दीकरणाचे प्रमाणपत्र चालते, त्यामुळे अनेकांची अडलेली कामे सुटली. पण ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि म्हणून आपले कुळागरही हातचे जाईल.

प्रतिसाद (पेडण्याची, डब्लिन)

काका, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ओसीआयधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही, हे खरे. परंतु भारतात राहणाऱ्या वडिलांकडून ती वारसाहक्काने येऊ शकते. शिवाय परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेण्यास हीच मनाई आहे. फरक पडतो तो कायमचे परत आल्यावर. भारतीय नागरिक शेजारची जमीन विकत घेऊन कुळागर वाढवू शकेल, ओसीआयधारकाला ते करता येणार नाही.

माझा सल्ला जर्मनीच्या नियमांकडे आधी पाहण्याचा आहे. ब्लू कार्डधारकाला 27 महिन्यांची नोकरी आणि तितकेच पेन्शनचे हप्ते पूर्ण झाल्यावर, जर्मन प्राथमिक पातळीची येत असेल तर, कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. भाषेची बी-1, म्हणजे मध्यम, पातळी गाठली तर हेच 21 महिन्यांत होते. आपले दीड वर्ष झाले, म्हणजे भाषेची परीक्षा दिली तर काही महिन्यांचाच प्रश्न आहे. पासपोर्ट भारतीयच राहतो, आणि ब्लू कार्डावरून आलेल्यांना बारा महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहूनही हा परवाना टिकवता येतो. तोटा एवढाच की, उद्या नोकरीसाठी ॲमस्टरडॅमला जायचे झाले तर पुन्हा परवान्याचा विचार करावा लागेल, आणि पोर्तुगीज नागरिकाला तो करावा लागला नसता. मी स्वतः पासपोर्ट घेतला तो याच कारणासाठी, कारण माझे काम दर दोन-तीन वर्षांनी देश बदलते. निवडणुकीच्या दिवशी गावातले फोटो येतात तेव्हा मात्र फोन बाजूला ठेवते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. पत्नीशी बोललो. मला देश बदलायचा नाही, त्यामुळे बी-1 ची परीक्षा मार्चमध्ये द्यायचे ठरवले आहे आणि लिस्बनचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. आतेभाऊ रागावला आहे. वडिलांना कळवले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग सुपारीच्या भावाबद्दल बोलू लागले.

काकांना एक विचारायचे आहे. राष्ट्रीयत्वाचा विचार नसला तरी वडिलांच्या आणि आजोबांच्या जन्माची तेओर, म्हणजे मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल, आत्ताच काढून ठेवावी का? जुनी पुस्तके जीर्ण झाली आहेत असे ऐकतो, आणि मुलाला पुढे काय हवे असेल ते मी आज ठरवू शकत नाही.

प्रतिसाद (निवृत्त नोंदणी कर्मचारी, पणजी)

जरूर काढावी. वारसाहक्काबाबत पेडण्याच्या ताई बरोबर आहेत, माझी चूक झाली. वडिलांच्या नोंदीसाठी फोंड्याच्या निबंधक कार्यालयात जावे, आजोबांची तिथे सापडली नाही तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारावे, आणि जाताना आडनावाची सगळी जुनी वळणे एका कागदावर लिहून न्यावीत, म्हणजे पुस्तक चाळणाऱ्याला नोंद सापडेल.