खारपाणपट्ट्यात, कुलरच्या भरवशावर, समुद्रजीवांची लहान टाकी ठेवता येईल का?

पूर्णाकाठ (तेल्हारा तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गप्पी, मोली आणि गोल्डफिश यांसारखे गोड्या पाण्यातील मासे मी बऱ्याच वर्षांपासून पाळत आहे. आता समुद्राच्या पाण्याची एक लहान रीफ टँक (प्रवाळ असलेली टाकी) करावी, अशी मनापासून इच्छा आहे. 60 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद आणि 40 सेंमी उंच अशी काचेची टाकी तयार करून घेतली आहे. दगड घातल्यावर तिच्यात साधारण 90 लिटर पाणी मावेल. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी, थोडे मऊ प्रवाळ, एखादी कोळंबी आणि काही गोगलगाई ठेवण्याचा विचार आहे.

आमचे गाव खारपाणपट्ट्यात येते आणि विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) मीटरवर 2,400 दाखवतो. हे पाणी मुळातच खारे असल्याने त्यात कमी मीठ घालून काम भागेल का, ही माझी पहिली शंका आहे. दुसरी शंका उन्हाळ्याची आहे. घर धाब्याचे असून भिंती मातीच्या आणि जाड आहेत, त्यामुळे मधली खोली दुपारपर्यंत बरीच थंड राहते. परंतु आमच्याकडे एसी नाही, पाणी थंड करणारा चिलर परवडण्यासारखा नाही, आणि जे काही करायचे ते कुलर व पंख्यांवरच करावे लागेल. त्यातच उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल, याचा नेम नसतो. शिवाय एका विक्रेत्याने खरे दगडी प्रवाळ पावतीशिवाय स्वस्तात देण्याची तयारी दाखवली आहे. ते घेणे योग्य ठरेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

क्षार-विचार (अमरावती) यांचे उत्तर

दादा, पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे 35,000 मिलिग्रॅम क्षार असतात. त्या तुलनेत आपल्या विहिरीचे 2,400 म्हणजे फार थोडे. पण प्रमाणापेक्षा महत्त्वाचा आहे तो क्षारांचा मेळ. समुद्राच्या क्षारांत क्लोराइड सुमारे 55 टक्के आणि सोडियम सुमारे 30 टक्के असते. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम हे ठरलेल्या प्रमाणात असतात. लिटरमागे कॅल्शियम 400 मिलिग्रॅमच्या थोडे वर आणि मॅग्नेशियम 1,300 च्या जवळपास राहिले, तरच गोगलगाईचे कवच आणि कोळंबीची कात नीट घडते. खारपाणपट्ट्यातील भूजलात मात्र सोडियमची क्लोराइडे आणि बायकार्बोनेटे वरचढ असतात. अशा पाण्यात समुद्री मिश्रण (समुद्राच्या क्षारांची तयार पूड) घातले, तर बायकार्बोनेटाचे प्रमाण समुद्रापेक्षा बरेच वाढते आणि कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते. शेतातील खतांचा नायट्रेट आणि जमिनीतील सिलिका पाण्याबरोबर येतात त्या वेगळ्याच. पहिल्या महिन्यात काचेवर जी तपकिरी शेवाळी साय धरते, तिचे पोषण बहुतेक वेळा याच सिलिकेवर होत असते.

म्हणून पाणी आधी पूर्ण निःक्षार करावे आणि मगच त्यात समुद्री मिश्रण मिसळावे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र यासाठी पुरेसे नाही, कारण चव राखण्यासाठी त्यांपैकी बहुतेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. गावातील प्लँटवरून 20 लिटरचा जो कॅन येतो, त्याचेही असेच असते. त्या पाण्याचा टीडीएस 50 ते 150 च्या दरम्यान निघाला, तर ते पिण्यास चांगले आहे, टाकीस नाही. आरओ मेम्ब्रेनच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची) एक नळी जोडावी आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत ते पाणी वापरू नये. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी वाया जाते. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट हिशेबात धरूनच टाकीचा आकार ठरवावा, आणि त्या दृष्टीने आपली 90 लिटरची टाकी मला योग्य वाटते.

मिश्रण लिटरमागे साधारण 38 ग्रॅम घ्यावे, म्हणजे 20 लिटरच्या बादलीस पाऊण किलो. ते टाकीत थेट न घालता बादलीत छोटा पंप लावून आदल्या दिवशीच विरघळवावे, आणि दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता 35, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास आहे, याची खात्री करावी. स्वयंपाकाचे मीठ किंवा जनावरांसाठी आणलेले खडेमीठ या कामी अजिबात चालत नाही.

वीजवापरी (चंद्रपूर) यांचे उत्तर

उष्णतेविषयी मी सविस्तर लिहितो, कारण विदर्भात समुद्राची टाकी टिकते किंवा जाते ती याच एका गोष्टीवर, आणि या बाबतीत आपली हवा आपल्याला वाटते तेवढी वैरी नाही.

पाण्याची वाफ होताना ती पाण्यातील उष्णता घेऊन जाते. आपल्या 90 लिटर पाण्यातून एक लिटर पाणी उडाले, तर उरलेल्या पाण्याचे तापमान सहा अंशांहून अधिक उतरेल एवढी उष्णता त्याबरोबर जाते. याउलट एक लिटर बर्फाची बंद बाटली टाकीत तरंगत ठेवली, तर तेच पाणी सव्वा अंशही उतरत नाही. म्हणून बर्फाच्या बाटल्या अडचणीच्या वेळेपुरत्या ठेवाव्यात आणि रोजचे काम पंख्याकडे द्यावे. संगणकातील 12 व्होल्टचे दोन लहान पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे वारा घालतील असे बसवावेत आणि काचेचे झाकण काढून टाकावे. मासे उडी मारतात, त्यामुळे झाकणाच्या जागी खिडकीला लावतात तशी साधी नायलॉनची जाळी ताणून बसवावी.

पंखा पाणी किती थंड करू शकेल, हे घरच्या घरी मोजता येते. तापमापकाच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळून तो पंख्याच्या वाऱ्यात धरावा. पारा जिथे स्थिरावेल ती आपल्या पंख्याची शेवटची मर्यादा, आणि टाकीचे पाणी प्रत्यक्षात तिच्या दोन-तीन अंश वर राहते. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या दुपारी, हवेत 15 टक्के आर्द्रता असताना, हा पारा 23 किंवा 24 अंशांपर्यंत खाली येतो. म्हणजे उन्हाचा कडाका कितीही असला, तरी पाणी 26-27 अंशांवर धरून ठेवणे शक्य आहे. खरी कसोटी लागते ती मृग नक्षत्राच्या आगेमागे. उन्हाचा ताप अजून 38 अंशांवर असतो, हवेत मात्र पावसाळी दमटपणा भरलेला असतो, आणि तेव्हा ओल्या फडक्याचा पारा 28 च्या खाली यायला तयार होत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातही कमीअधिक तीच स्थिती असते. प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले 30 अंशांच्या वरचे पाणी फार दिवस सोसू शकत नाहीत. ती बाहेर फेकली गेली की प्रवाळ पांढरे पडतात. त्यामुळे बर्फाच्या बाटल्या जूनच्या त्या पंधरवड्यासाठी राखून ठेवाव्यात, आणि त्या काळात टाकीचा दिवा दुपारी न लावता संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत लावावा.

कुलरविषयी एक सूचना करतो. कुलर खोली थंड करतो, पण हवा दमटही करतो, त्यामुळे टाकीवरील पंख्याची ताकद त्या खोलीत कमी पडते. तरीही खोली 30-31 अंशांवर राहिली, तर पाणी 28 अंशांपर्यंत आवरता येते. कुलरसमोरची खिडकी उघडी ठेवून दमट हवा बाहेर जाऊ द्यावी आणि कुलरचा झोत थेट टाकीवर घेऊ नये, कारण ताट्यांवरून उडणारे तुषार विहिरीच्या पाण्याचेच असतात.

आता या उपायाची किंमत सांगतो. पाणी उडते, मीठ मागे राहते. 90 लिटरांतून अडीच लिटर पाणी गेले की 35 ची क्षारता 36 होते, आणि मे महिन्यात पंखे चालू असताना एवढी घट व्हायला फार वेळ लागत नाही. ती भरून काढताना खारे पाणी घालायचे नसून शून्य टीडीएसचे शुद्ध पाणीच घालायचे, ही गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या लक्षात बऱ्याचदा येत नाही. कुलरमध्ये असतो तसा, पण पूर्ण प्लास्टिकचा लहान फ्लोट व्हॉल्व्ह बसवून वर ठेवलेल्या कॅनमधून पाणी आपोआप उतरेल अशी सोय करावी. त्याला वीज लागत नाही. कुलरचा पितळी भागांचा फ्लोट मात्र कटाक्षाने टाळावा, कारण पितळेतील तांबे कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ यांच्यासाठी अत्यल्प प्रमाणातही विष ठरते.

कपाशीवाली (वणी तालुका) यांचे उत्तर

वरील दोघांनी पाणी आणि उष्णतेबद्दल चांगले मार्गदर्शन केले आहे. मला शेतकरी घरातील एका धोक्याकडे लक्ष वेधायचे आहे, कारण शहरातील लोक लिहितात त्या माहितीत तो सहसा सापडत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या सुमारास कपाशीची फवारणी जोरात असते. किडींना मारणारी सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशके कोळंबी आणि खेकड्यांच्या वर्गातील जीवांना किडींइतकीच घातक असतात, आणि माशांनाही ती अत्यंत विषारी आहेत. फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या आणि फवारणीचे कपडे टाकी असलेल्या खोलीत ठेवू नयेत. फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हातच घालू नये, कारण साबणाने हात धुतल्यावरही नखांत आणि कोपराच्या घडीत औषध राहून जाते. घरात हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवलेले बरे.

डासांची अगरबत्ती आणि विजेवर चालणारे द्रव औषध यांच्याबाबतीतही हीच काळजी घ्यावी. हवेचा पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे विसरून चालणार नाही. वीजवापरी भाऊंनी जाळीचा उपाय सुचवला आहे, तो उत्तम आहे, मात्र आरोग्य खात्याकडून मिळालेली औषधयुक्त मच्छरदाणी कापून ती टाकीवर लावू नये. गावात धूरफवारणीची गाडी येणार असेल, त्या दिवशी खिडक्या बंद करून हवेचा पंप तासभर थांबवावा आणि तेवढा वेळ पाणी हलवणारा पंप चालू ठेवावा.

पूर्णाकाठ यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. घरी कपाशी आणि तूर दोन्ही असल्याने ताईंनी सांगितलेली गोष्ट माझ्यासाठी फारच महत्त्वाची आहे. दिवाळीनंतर टाकी सुरू करून संक्रांतीपर्यंत मासे आणावेत, असा माझा बेत होता. तो योग्य आहे का? आणि दगडी प्रवाळाबद्दल कोणी सांगू शकेल का?

किनारा-ते-वऱ्हाड (अकोला) यांचे उत्तर

दगडी प्रवाळ घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. समुद्रघोड्यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेला असा जीव विकत घेणे हा गुन्हा आहे, आणि शोभेसाठी मिळणारे मृत प्रवाळाचे तुकडेही त्यातून सुटत नाहीत. परदेशातून कायदेशीर मार्गाने आलेल्या आणि साईट्स कराराच्या (धोक्यातील जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) परिशिष्टांत असलेल्या जीवांचीही 2022 च्या दुरुस्तीनंतर शासनाकडे नोंद करावी लागते. ज्याच्याजवळ पावती नाही, त्याच्याकडून काहीच घेऊ नये. भट्टीत भाजलेले कृत्रिम सच्छिद्र दगड आठ-दहा किलो घेतले की जिवाणूंना पुरेशी जागा मिळते आणि समुद्रातील खडकही तोडला जात नाही. मऊ प्रवाळांत झोअँथिड नावाचा प्रकार सहज मिळतो आणि तो चिवटही असतो. पण त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, त्यामुळे हातमोजे घालूनच त्याला हात लावावा आणि तो लागलेला दगड कधीही उकळू नये.

क्लाउनफिश हॅचरीत वाढवलेलेच मागावेत. त्यांचे प्रजनन करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात विकसित केले आहे, आणि असे मासे टाकीतील खाद्याला सरावलेले असतात. मुंबई किंवा चेन्नईहून अकोल्यापर्यंत पिशवी रेल्वेने येते, तेव्हा प्रवासात माशांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा घातक राहत नाही. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या माशांची पिशवी आधी बंद ठेवूनच टाकीच्या पाण्यावर तरंगवावी, तापमान जुळले की उघडावी आणि मासे लगेच जाळीने टाकीत सोडावेत. पिशवीतील पाणी टाकून द्यावे.

संक्रांतीचा बेत मला योग्य वाटतो. थंडीत प्रवास सुखरूप होतो आणि दिवाळीपासूनचे दोन महिने जिवाणू वाढायला पुरेसे आहेत.

वीजवापरी यांचे उत्तर

जिवाणूंच्या दृष्टीने दोन महिने पुरतात, याबद्दल दुमत नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू साधारण चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतात. माझा आग्रह वेगळा आहे. दिवाळीनंतर दगड आणि पाणी घालून टाकी अवश्य सुरू करावी, परंतु पहिला उन्हाळा आणि मृगाचा पंधरवडा एकही मासा न आणता काढावा. आपल्या मधल्या खोलीत दुपारी चार वाजता पाणी किती अंशांवर जाते, वीज गेल्यावर ते किती वेगाने चढते, रोज किती लिटर शुद्ध पाणी लागते, हे त्या काळात वहीत लिहून ठेवावे. प्रत्येक घराची गोष्ट निराळी असते. धाब्याच्या घराचे आकडे पत्र्याच्या किंवा कवेलूच्या घराला लागू पडत नाहीत, आणि माझ्या चंद्रपूरच्या आकड्यांवर विसंबून आपण जिवंत प्राणी आणावेत, हे मला पटत नाही. मधल्या काळात जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा अमोनियम क्लोराइड अगदी थोडा घालत राहावा. कल्हईचा नवसागर वापरू नये, त्यात कोणते धातू मिसळलेले असतील ते सांगता येत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा 100 वॅटचा हीटर लागेलच.

विजेसाठी इन्व्हर्टरवर पाणी हलवणारा पंप आणि दोन पंखे एवढेच ठेवावेत. तिन्ही मिळून 15 वॅटच्या आसपास खातात, आणि 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो भार रात्रभर जड जात नाही. वीज गेल्यावर मासे आधी मरतात ते प्राणवायूवाचून, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो.

पूर्णाकाठ यांचा प्रतिसाद

पटले. मासे पुढच्या पोळ्यानंतर, फवारणी आटोपल्यावरच आणीन. आरओचे वाया जाणारे पाणी कुलरमध्ये घातले तर चालेल का?

क्षार-विचार यांचे उत्तर

घालू नये, दादा. 2,400 टीडीएसच्या पाण्यातून चौथा हिस्सा शुद्ध पाणी काढून घेतले की उरलेले पाणी 3,200 च्या घरात जाते. कुलरच्या ताट्या त्याने महिन्याभरात क्षार धरून कडक होतील. परसातील झाडांनाही ते देऊ नये. गोठा आणि अंगण धुण्यास, तसेच शौचालयासाठी ते वापरता येईल.