स्कुबाच्या मेडिकल फॉर्मवर सही कोण देतं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर अंदमानला जायचं ठरलंय. मी (वय ४७) आणि मुलगा (वय १३), दोघांनाही स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कुबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, करायचाय. पोहायला दोघांनाही बऱ्यापैकी येतं. बायकोने पाण्यात पाय घालणार नाही असं आधीच जाहीर केलंय.

सेंटरने आधी ॲडव्हान्स घेतला आणि मग तीन पानी मेडिकल फॉर्म पाठवला. पहिल्या पानावर १० प्रश्न, दुसऱ्यावर त्यांचे पोटप्रश्न, तिसऱ्यावर डॉक्टरांची सही. मला बीपी आहे, टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी, गेली काही वर्षं व्यवस्थित ताब्यात. मुलाला बाळदमा होता. पहिली-दुसरीत असताना पंप सुटला, आता शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो. धुळीने शिंका येतात, तेवढंच.

फॉर्म घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "तू फिट आहेस एवढं मी लेटरहेडवर लिहून देतो. पण १८ मीटर पाण्याखाली शरीराचं काय होतं ते मला ठाऊक नाही. या कागदावर माझी सही नको." सेंटरला हे कळवलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, "सर, सगळीकडे नो टिक करा, इथे सगळे तेच करतात."

तर प्रश्न असे:
१. पुण्या-मुंबईत ही सही कोणाकडून मिळते?
२. बीपीची गोळी चालू असताना परवानगी मिळतेच का?
३. मुलाचा जुना दमा लिहायचा का? लिहिला तर त्याला बाहेर बसवतील अशी भीती आहे. तो वर्षभर याच एका गोष्टीवर डोळे लावून बसलाय.

– पाषाणकर

---

खारा_वारा: आधी सेंटर बदला. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू द्या. जो माणूस फोनवर खोटं लिहायला सांगतो तो बोटीवर सिलिंडरचं प्रेशर तरी नीट बघत असेल का? बाकी उत्तरं जाणकार देतील.

कोल्हापुरी_चप्पल: मालवणला आम्ही दहा जण उतरलो होतो, एका वहीत नाव आणि सही, संपला विषय. उगाच बाऊ करताय राव.

खारा_वारा: @कोल्हापुरी_चप्पल, मालवणला इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून धरून फिरवतो. कोर्समध्ये स्वतः खाली जायचं, मास्क काढून परत घालायचा, तोंडातला रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) सोडून पुन्हा शोधायचा. आणि प्रकृतीचे प्रश्न त्या पहिल्या डायव्हलाही विचारायचेच असतात. तुम्हाला विचारले नाहीत, ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

डॉ_निवांत: मी फिजिशियन आहे आणि हौसेने डायव्ह करते. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

हा फॉर्म सरकारी नाही. डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था, 'डॅन' (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) आणि समुद्राखालच्या वैद्यकातले डॉक्टर यांनी मिळून २०२० मध्ये तो नव्याने केला. पूर्वीच्या फॉर्ममध्ये एका "हो"वर थेट डॉक्टरकडे धाडत. आता बहुतेक प्रश्नांना "हो" म्हटलं तर आधी दुसऱ्या पानावरच्या चौकटीत जायचं, आणि तिथेही "हो" आलं तरच डॉक्टर. अपवाद ३, ५ आणि १० या प्रश्नांचा, तिथे "हो" म्हणजे थेट डॉक्टर. १० वा प्रश्न डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चालू औषधांचा आहे. गर्भनिरोधक आणि मलेरियाची बहुतेक औषधं सोडली तर बाकी सगळी त्यात आली. त्यामुळे पाषाणकर, तुम्हाला सही लागणारच. ४५ च्या पुढे आणि बीपी, या चौकटीतूनही लागेल.

पण सही लागणं म्हणजे नकार नव्हे. ताब्यातला बीपी आणि टेल्मिसार्टन, यावर सहसा कोणी अडवत नाही. बीटा ब्लॉकर (बीपीचीच दुसऱ्या प्रकारची गोळी) असती तर मी जास्त विचार केला असता, कारण त्यांनी श्रमाच्या वेळी हृदयाची गती हवी तितकी वाढत नाही. बीपीबद्दल विचारतात त्याचं कारण वेगळंच आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की हातापायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावरचा भार वाढतो. बीपी चढलेला असेल तर काहींच्या फुप्फुसात तिथल्या तिथे पाणी भरू लागतं. खोकला, धाप, कधी गुलाबी फेस. हे चांगल्या पोहणाऱ्यांनाही झालेलं आहे. म्हणून घरी आठवडाभर बीपी मोजून लिहून ठेवा, ईसीजी काढा, आणि ४७ व्या वर्षी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करून घ्या असं मी सांगेन. ३ रा प्रश्न तर घरबसल्या तपासता येतो: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा २०० मीटर न थांबता पोहणं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या सोसायटीतले रोज "मॉर्निंग वॉक" करणारे अर्धे लोक यात नापास होतील.

आता मुलगा. चौकटीतला प्रश्न नीट वाचा. गेल्या १२ महिन्यांत दम्यामुळे किंवा ॲलर्जीमुळे हालचालीवर मर्यादा आली का, असं विचारलंय. तुम्ही सांगता त्यावरून उत्तर "नाही". म्हणजे पहिल्या पानावर फुप्फुसाच्या प्रश्नाला प्रामाणिकपणे "हो" लिहूनही कागदोपत्री त्याला डॉक्टरांची गरज पडत नाही. लपवायचं कारणच उरत नाही.

तरीही मी त्याची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून घेतात ती फुप्फुसाची तपासणी) केल्याशिवाय पाठवणार नाही. १० मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास चालू असला की ती निघून जाते. पण दम्याने एखादी बारीक नळी आवळलेली असेल, तर तिच्यामागची हवा अडकते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी खोल जावंच लागतं असं नाही, दीड-दोन मीटरवरूनही झालेलं आहे. हवा थेट रक्तात शिरली तर मेंदूपर्यंत पोचते. शिवाय सिलिंडरची हवा कोरडी, त्यात कधी खाऱ्या पाण्याचे तुषार, आणि वर श्रम. दम्याला चाळवायला याहून काय हवं? छातीच्या डॉक्टरांना सांगा की धावण्याआधीची आणि नंतरचीही फुंकर बघा. धावल्यावर किंवा गार हवेत घरघर होत असेल, तर मात्र माझा कौल सरळ "नाही".

पाषाणकर: डॉक्टर, मनापासून आभार. म्हणजे सही छातीच्या डॉक्टरांची घेऊ का?

डॉ_निवांत: मुलासाठी चालेल. तुमच्यासाठी कोणीही एमडी फिजिशियन चालतो, डायव्हिंग मेडिसिनचाच हवा अशी अट फॉर्मवर नाही. भारतात या विषयाचे जाणते डॉक्टर मुख्यतः नौदलात तयार होतात. मुंबईत कुलाब्याला 'अश्विनी' हे नौदलाचं रुग्णालय आहे. तिथून निवृत्त झालेला मरीन मेडिसिनवाला कोणी ओळखीत निघाला तर उत्तमच. नाहीतर एक युक्ती: या फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका येते, कोणत्या आजारात किती धोका ते त्यात लिहिलेलं असतं. नेटवर फुकट मिळते. ती छापून तुमच्या फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांना भीती सहीची नाही, माहीत नसलेल्या गोष्टीवर सही करण्याची आहे, आणि माझ्या मते तो चांगल्या डॉक्टरचा गुण आहे.

कान_नाक_घसा: सगळे हृदय आणि छातीवर बोलताहेत, पण माझ्याकडे येतात ते कानवाले. विमानात दडे बसतात तसंच, पण पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरलाच जोरात. पडदा फाटलेले पेशंट मी पाहिलेत, कारण एकच: दुखत असताना नेट लावून खाली गेले. मुलाला ॲलर्जीच्या शिंका असतील तर दोघांचेही कान आणि नाकाचं हाड जाण्याआधी दाखवून घ्या. नाक दाबून हलकेच हवा कानाकडे ढकलायचा सराव घरी करा. आणि सर्दी असताना नाकात थेंब घालून उतरू नका, खाली असताना औषधाचा असर उतरला तर वर येताना हवा अडकते. त्या दिवशी सरळ किनाऱ्यावर बसायचं.

खारा_वारा: परतीचं विमानही बघून ठेवा. सलग काही दिवस डायव्ह केल्यावर निदान १८ तास विमान नको. आमच्या ग्रुपमध्ये दरवेळी कोणीतरी सकाळी डायव्ह, दुपारी फ्लाइट असा बेत आखतोच. डीकॉम्प्रेशनचा त्रास (दाब कमी होताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होतात तो) झालाच तर त्यावरच्या उपचाराचा प्रेशर चेंबर श्रीविजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या रुग्णालयात. स्वराजद्वीपहून बोटीने दोनेक तास. डायव्हिंगचा विमा काढा. आणि फॉर्मवर खोटं लिहिलेलं असेल तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

पाषाणकर: सेंटर बदललं. अर्धा ॲडव्हान्स परत मिळाला, अर्ध्यावर पाणी सोडलं. नव्या ठिकाणी बाईंनी पैशाआधी फॉर्मच मागितला आणि मुलाच्या पंपाचं शेवटचं वर्ष कोणतं तेही विचारलं. शनिवारी त्याची स्पायरोमेट्री, सोमवारी माझी टीएमटी. पुस्तिका डॉक्टरांना दिली, "वाचून सांगतो" म्हणाले. एक राहिलंच: मुलाला उणे अडीचचा चष्मा आहे. चष्मा तर मास्कमध्ये मावणार नाही ना?

खारा_वारा: नाही मावत, काडीतून पाणी शिरतं. नंबरचा मास्क बऱ्याच सेंटरांकडे असतो, दोन्ही डोळ्यांचा नंबर आत्ताच कळवून ठेवा. सॉफ्ट लेन्सही चालतात, पण मास्क काढायचा सराव करताना डोळे मिटायला सांगा, नाहीतर लेन्स वाहून जाईल. एक जोडी जास्तीची न्या.