रोस्ट बेटावर दोन दिवस पुरतील का?

प्रश्न: जूनमध्ये नॉर्वेतल्या बूडोहून फेरीने लोफोतेन बेटांच्या टोकाला रोस्टला जायचं म्हणतोय. तिथे आहे काय?

उत्तर: वस्ती जेमतेम पाचशे, मुख्य बेट पोळपाटासारखं सपाट. सायकल पुरते. 1432 मध्ये व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी जहाज बुडाल्यावर इथे लागला, सुक्या कॉड माशाबद्दल लिहून गेला. आजही बराच माल इटलीलाच जातो. मी मार्चमध्ये गेले होते. लाकडी मांडवांवर जोडी-जोडीने शेपट्या बांधून मासे टांगलेले. मीठ चिमूटभरही नाही, नुसता वारा नि थंडी! माझ्या मालवणी नाकालाही वास जड गेला. जूनपर्यंत मांडव बहुतेक रिकामे होतात मात्र.

दुसरं उत्तर: जूनमध्ये सूर्य मावळत नाही तिथे. डोळ्यांवर पट्टी न्या.

प्रश्नकर्ता: आणि पफिन पक्षी?

उत्तर: दक्षिणेकडच्या डोंगराळ बेटांवर. पण खूप घटलेत हो. बोटवाल्याला आधी विचारा.