स्टोअरवर प्रसिद्ध झालेली ॲपची ताजी आवृत्ती ॲपमधूनच खात्रीने कशी तपासावी?

सत्तरीकर (प्रश्न)

नमस्कार. वाळपईच्या आसपासच्या काही दूध सोसायट्यांसाठी मी एक छोटे ॲप तयार केले असून ते मीच सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध आले की सोसायटीचा कारकून सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) भरतो, ॲप दर काढते आणि सभासदाच्या नावावर रक्कम जमा दाखवते. केंद्रांवर अँड्रॉइडचे फोन आहेत. सोसायट्यांच्या काही पदाधिकाऱ्यांकडे आयफोन असल्यामुळे त्यांच्यासाठीही ॲप काढले आहे.

१.९.२ या आवृत्तीत माझ्या हातून एक चूक राहिली. लिटरने गुणण्याआधीच दराचे पैसे गळून जात होते. ४१ रुपये ४० पैसे दराने साडेसहा लिटर दुधाचे २६९ रुपये १० पैसे व्हायला हवेत, तिथे ॲप ४१ रुपये दर धरून २६६ रुपये ५० पैसे दाखवीत होते. एका वेळचे २ रुपये ६० पैसे कोणाला किरकोळ वाटतील, पण रोज दोन्ही वेळा दूध घालणाऱ्याचे महिन्याला दीडशेच्या वर रुपये जातात, आणि ज्या बिलावर घरातली, गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या माटोळीपासूनची सगळी चतुर्थी उभी राहते, त्याच बिलातून ते कापले जात आहेत याचा मला फार त्रास होतो. चूक सुधारून १.१०.० प्रसिद्ध केली त्याला आज बारा दिवस झाले, तरी अर्ध्याहून अधिक केंद्रे अजून जुन्याच आवृत्तीवर काम करीत आहेत.

ॲप उघडताना ते प्ले स्टोअरवरचे आमचे पान वाचते, त्यातला आवृत्तीचा आकडा शोधते आणि तो फोनमधल्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर ‘नवी आवृत्ती आली आहे’ असा संदेश दाखवते. काही फोनवर त्याला आकडाच सापडत नाही. एका फोनवर मी स्वतः लॉग (ॲपने ठेवलेली आपल्या कामाची नोंद) पाहिला, तेव्हा १.१०.० हा आकडा बरोबर वाचलेला होता आणि तरीही संदेश आला नाही. आयफोनवर ॲपलच्या लुकअप पत्त्याला (स्टोअरवरच्या ॲपची माहिती देणाऱ्या सेवेला) बंडल आयडी, म्हणजे ॲपचा ओळख-संकेत, देऊन विचारले तर निकालांची संख्या शून्य येते, ॲप मात्र स्टोअरवर दिसते आहे. स्टोअरवरची ताजी आवृत्ती ओळखण्याचा भरवशाचा मार्ग कोणता, हे कृपया सांगावे.


बार्देशकर

आकडा बरोबर वाचूनही संदेश का आला नाही, हे तुमच्या वर्णनावरूनच सांगता येते. तुम्ही दोन आवृत्त्यांची तुलना अक्षरमाला म्हणून करीत असणार. ‘१.१०.०’ आणि ‘१.९.२’ ही अक्षरे डावीकडून ताडून पाहिली तर पहिली दोन सारखी निघतात आणि तिसऱ्या जागी ‘१’ समोर ‘९’ येतो, त्यामुळे ॲपच्या लेखी १.१०.० ही १.९.२ पेक्षा जुनी ठरते. १.९ पर्यंत ही चूक झाकलेली राहते आणि दहाव्या आवृत्तीला उघडी पडते. बिंदूंवर तुकडे करून प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून ताडावा. अँड्रॉइडवर त्याहून सरळ मार्ग आहे: लोकांना दिसते ते आवृत्तीचे नाव बाजूला ठेवावे आणि व्हर्जन कोडची तुलना करावी. तो साधा पूर्णांक असतो, आणि स्थापित ॲपवर त्याहून लहान कोडची आवृत्ती अँड्रॉइड एरवी चढू देत नाही.

आता आयफोनचे. लुकअपला देश सांगितला नाही तर ते अमेरिकेच्या स्टोअरमध्ये शोधते. तुमचे ॲप फक्त भारतासाठी प्रसिद्ध केलेले असेल तर तिथे ते नाहीच, म्हणून निकाल शून्य. पत्त्यात बंडल आयडीच्या पुढे देशाचा संकेत ‘आयएन’ जोडा, उत्तर येईल. त्या उत्तरात आवृत्तीचा आकडा, ती प्रसिद्ध झाल्याची तारीख, स्टोअरवरच्या पानाचा पत्ता आणि ॲपला लागणारी आयओएसची किमान आवृत्ती असे सगळे मिळते. हा शेवटचा तपशील बहुतेक जण वाचत नाहीत, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या आयफोनवर नवे आयओएस चढत नसेल तर तुमची नवी आवृत्तीही चढणार नाही, आणि अशा माणसाला रोज ‘अपडेट करा’ म्हणून सांगणे म्हणजे त्याला न उघडणाऱ्या दारापाशी नेऊन उभे करणे होय.

दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवाव्यात. लुकअपचे उत्तर साठवणीतून येते, त्यामुळे नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावरही काही वेळ जुना आकडा येऊ शकतो. शिवाय या सेवेला मिनिटाला साधारण २० विचारणांची मर्यादा असल्याचे ॲपलने लिहून ठेवले आहे. म्हणून प्रत्येक फोनने ॲपलकडे धावण्यापेक्षा तुमच्या सर्व्हरने तासातून एकदा विचारावे आणि फोनांनी सर्व्हरला विचारावे.


सासष्टीकरीण

अँड्रॉइडसाठी प्ले स्टोअरचे पान वाचण्याची पद्धत कृपया सोडूनच द्या. ते पान माणसांनी पाहण्यासाठी आहे आणि त्याची रचना गूगल कोणालाही न विचारता बदलते. २०१८ मध्ये आवृत्तीच्या आकड्यावरची खूण निघून गेली तेव्हा पुष्कळांची तपासणी एकाएकी बंद पडली, आणि २०२२ च्या नव्या रचनेत तो आकडा ‘ॲपविषयी’च्या चौकटीत आत गेला तेव्हा पुन्हा तेच झाले. फोनच्या भाषेप्रमाणे पानाची भाषाही बदलते. तुमचा कोड इंग्रजी शब्द शोधत असेल आणि कारकुनाचा फोन मराठीत असेल तर त्याला काहीच सापडणार नाही. काही ॲपांच्या बाबतीत तर तिथे आकड्याऐवजी ‘डिव्हाइसनुसार बदलते’ अशा अर्थाचा मजकूर असतो.

गूगलने यासाठी २०१९ पासून इन-ॲप अपडेटची सोय दिली आहे आणि ती अँड्रॉइड ५.० पासून पुढे चालते. तुमचे ॲप फोनमधल्या प्ले स्टोअरला विचारते, आणि ‘या फोनला, या खात्याला’ नवी आवृत्ती उपलब्ध आहे का याचे उत्तर व्हर्जन कोडसह मिळते. मी शब्द मुद्दाम मोजून लिहिले आहेत. तुम्ही १.१०.० टप्प्याटप्प्याने, समजा २० टक्के लोकांसाठी सोडली असेल, तर बाकीच्या फोनना ‘उपलब्ध नाही’ हेच उत्तर येईल आणि ते उत्तर बरोबरच आहे. प्ले कन्सोलमध्ये (ॲप प्रसिद्ध करणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर) जाऊन तुमचे प्रकाशन १०० टक्क्यांवर आहे की नाही, हे सगळ्यांत आधी पाहा.

या सोयीचे दोन प्रकार आहेत. एकात काम चालू असतानाच मागे आवृत्ती उतरत राहते आणि शेवटी ॲपला ती बसवण्याची आज्ञा द्यावी लागते. ही शेवटची आज्ञा लिहायची राहिली तर उतरलेली आवृत्ती नुसती पडून राहते. दुसऱ्यात पूर्ण पडदा व्यापून अपडेट होईपर्यंत काम थांबते. संकलन केंद्रासाठी मी पहिलाच प्रकार घेईन. पहाटे कॅन घेऊन माणसे रांगेत उभी आहेत, पावसाने नेटवर्क एका काडीवर आले आहे आणि पडद्यावर अपडेटचे वर्तुळ फिरते आहे, ही वेळ कोणत्याही कारकुनावर येऊ नये. अपडेट उपलब्ध असल्याचे फोनला कळून किती दिवस झाले, हेही ही सोय सांगते. पहिले तीन दिवस हळू आठवण आणि मग ठळक आठवण, अशी योजना त्यावरून करता येते.

आता एक प्रश्न मी विचारते, कारण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. सगळ्या केंद्रांवर ॲप प्ले स्टोअरवरूनच घेतलेले आहे ना?


सत्तरीकर

आपण दोघांनीही इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुलना अक्षरमालेचीच निघाली. प्रकाशन कन्सोलमध्ये ५० टक्क्यांवर अडकलेले होते, ते मी आज पूर्ण केले. देशाचा संकेत जोडल्यावर आयफोनचे उत्तरही आले.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. सुरुवातीला चार केंद्रांना मी एपीके फाइल (स्टोअरशिवाय थेट ॲप बसवण्याची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवली होती, कारण तिथल्या फोनवर गूगल खातेच उघडलेले नव्हते. इन-ॲप अपडेटचा प्रयोग मी त्यांपैकी एका फोनवर केला तेव्हा उणे १० असा त्रुटीचा क्रमांक आला.


सासष्टीकरीण

तो क्रमांक तेच सांगतो आहे. या फोनवरच्या कोणत्याही खात्याने हे ॲप प्ले स्टोअरवरून मिळवलेले नाही, म्हणून प्ले त्याची जबाबदारी घेत नाही. पण त्यामागे दुसरी, जास्त मोठी अडचण उभी असण्याची शक्यता आहे. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपांना ॲप बंडल (ज्यातून गूगल फोनांसाठी एपीके तयार करते ती फाइल) देणे बंधनकारक झाले आणि त्याबरोबर एपीकेवर डिजिटल सही करण्याचे काम गूगलकडे गेले. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइलवर तुमच्या स्वतःच्या किल्लीची सही असेल आणि प्लेवरच्या आवृत्तीवर दुसऱ्या किल्लीची, तर एकावर दुसरी चढणार नाही. जुने ॲप काढूनच नवे घ्यावे लागेल, आणि ॲप काढले की फोनमध्ये साठवलेल्या, सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदीही जातील.

त्यामुळे त्या चार केंद्रांना फोनवरून ‘काढा आणि पुन्हा घ्या’ असे कृपया सांगू नका. स्वतः जा, सगळ्या नोंदी सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री सभासदांच्या वहीशी ताडून करा, आणि मगच जुने ॲप काढा.


अंत्रुजकर

वरचे सगळे योग्य आहे, पण मला वाटते की आपण तीन वेगळे प्रश्न एकाच तपासणीवर टाकले आहेत. स्टोअरवर ताजी आवृत्ती कोणती, हा पहिला. या फोनला त्यातली कोणती मिळू शकते, हा दुसरा. आणि कोणत्या आवृत्तीखाली हिशेब होऊच द्यायचा नाही, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर तुमच्या सर्व्हरला प्लेच्या डेव्हलपर एपीआयमधून (सर्व्हरने गूगलला थेट विचारण्याच्या सोयीतून) मिळते: सर्वसामान्य लोकांसाठीच्या ‘प्रॉडक्शन’ प्रकाशनात कोणता व्हर्जन कोड आहे, प्रकाशन पूर्ण झाले आहे की किती हिश्श्यावर आहे, हे तिथे स्पष्ट दिसते. त्यासाठी लागणारी सेवाखात्याची (सर्व्हरसाठीच्या गूगल खात्याची) किल्ली सर्व्हरवरच ठेवा. ॲपमध्ये घातली तर ती कोणालाही काढता येते. दुसऱ्याचे उत्तर इन-ॲप अपडेट देते. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याच स्टोअरकडे नसते, ते फक्त तुम्ही देऊ शकता. सर्व्हरवर ‘किमान चालणारी आवृत्ती’ अशी एक नोंद ठेवा, प्रत्येक फोनने आपला व्हर्जन कोड विचारणेबरोबर पाठवावा आणि त्यावरून काय करायचे ते सर्व्हरने ठरवावे.

ॲपलकडे तर हा फरक आणखी दिसतो. तिथे टप्प्यांनी प्रकाशन निवडले तर आपोआप होणारे अपडेट सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के असे पसरते, पण स्टोअरवर जाऊन स्वतः अपडेट करणाऱ्याला नवी आवृत्ती पहिल्या दिवसापासून मिळते. म्हणजे लुकअपने नवी आवृत्ती दाखवली आणि फोनवर मात्र ती आपोआप आली नाही, तर त्यात चूक काहीच नाही.

आता १.९.२ विषयी. त्या आवृत्तीतली तपासणी मोडकी आहे, आणि ती आता कोणालाही दुरुस्त करता येणार नाही, कारण ती त्या फोनांमध्ये बसलेली आहे. मग मोडकी तपासणीसुद्धा ज्याला ‘नवी’ म्हणेल अशी आवृत्ती काढावी. पुढच्या आवृत्तीला २.०.० हे नाव द्या. ‘२’ हे अक्षर ‘१’ पेक्षा मोठे आहे, त्यामुळे ज्या फोनवर पान नीट वाचले जाते तिथे संदेश येईल. व्हर्जन कोड नेहमीप्रमाणे एकाने वाढवला की पुरे. बाकीच्या फोनसाठी, सर्व्हरकडून येणारा एखादा मजकूर १.९.२ मध्ये दाखवला जातो का, ते पाहा.

आणि रक्कम सर्व्हरवर पुन्हा काढा. फोनने लिटर, फॅट आणि एसएनएफ पाठवावे आणि बिलात जाणारा आकडा सर्व्हरचाच असावा. मग एखादा फोन महिनाभर जुन्या आवृत्तीवर राहिला तरी दूध घालणाऱ्याचे पैसे कमी होणार नाहीत.


सत्तरीकर

अंत्रुजकरांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी त्याच रात्री कामाला लागलो. मूळ नोंदी सर्व्हरवर होत्या, म्हणून प्रत्येक सभासदाची १.९.२ पासूनची रक्कम नव्याने काढता आली. कमी पडलेल्या पैशांची यादी सोसायट्यांना दिली असून तो फरक येत्या बिलात जोडला जाईल. दराच्या तक्त्याखाली सर्व्हरवरून येणारी एक सूचनेची ओळ १.९.२ मध्ये निघाली. तिच्यात आता ‘ॲप अपडेट करा, २.०.० घ्या’ असे लिहिले आहे आणि ती केंद्रांवर दिसते आहे.

व्हॉट्सॲपच्या चारांपैकी तीन केंद्रांवर स्वतः जाऊन आलो. दुसऱ्या केंद्रावर वहीत असलेल्या सतरा नोंदी सर्व्हरवर नव्हत्या, कारण तो फोन दोन दिवस नेटवर्कबाहेर होता. त्या तिथेच उभे राहून चढवल्या, वहीशी एकेक ताडून पाहिल्या आणि मगच जुने ॲप काढले. ताईंनी सांगितले नसते तर त्या गेल्याच असत्या. चौथ्या केंद्रावर उद्या पहाटेच्या संकलनाच्या वेळी जात आहे.